तांदळातलं नाव

दोन शिसपेन्सिली. खोडरबर. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव. नऊच्या ठोक्याला बंद होणारं दार.

चिनी भाषेच्या परीक्षेच्या त्या दाराशी पर्यवेक्षक बाईंनी तिचं प्रवेशपत्र आणि आधार कार्ड शेजारी धरलं. “इथे उर्मी तांबट, इथे सानिका करडे. तुम्ही नक्की कोण?”

“दोन्ही मीच, मॅडम. लग्नात नाव बदललं.”

“माझंही बदललं होतं हो! पण ओळखपत्रावर प्रवेशपत्रातलंच नाव लागतं. आणि एकदा ऐकण्याचा पेपर सुरू झाला, की दार उघडत नाही. बारा मिनिटं आहेत.”

ती पास झाली तर दुभाष्याची नोकरी पक्की होती. चिनी शिकली उर्मी, मग प्रमाणपत्रही तिच्याच नावाचं हवं, म्हणून अर्जात तिने गुपचूप माहेरचं नाव घातलं होतं. आणि सवयीने पर्समध्ये आधार कार्ड टाकून आली. जुन्या नावाचा पासपोर्ट घरच्या कपाटात, अर्ध्या तासावर.

तिने फाटकाबाहेर थांबलेल्या नवऱ्याला फोन लावला. सानिका हे नाव त्यानेच हौसेने निवडलं होतं.

“अहो, माझा जुना पासपोर्ट…”

“स्कूटरच्या डिकीत आहे. आणतो.”

धापा टाकत त्याने पासपोर्ट तिच्या हातात कोंबला. “पळ, उर्मी!”

ती आत गेली आणि दार बंद झालं.

महिन्यापूर्वी ती अर्ज भरत होती, तेव्हा चहाचा कप घेऊन तो तिच्या मागेच उभा होता.