एकोणीस घरांच्या साक्षी

"ताई, या एकोणीस बायका नाहीतच. एकच बाई आहे," असं म्हणून कुणालने लॅपटॉप उत्तराकडे वळवला.

स्क्रीनवर एकोणीस साक्षींच्या आवाजांच्या हिरव्या रेषा होत्या आणि खाली निकाल : बोलणारी व्यक्ती एक, खात्री सत्त्याण्णव टक्के.

"सत्त्याण्णवच का? शंभर म्हणायला लाज वाटली का त्याला?" उत्तरा म्हणाली.

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या त्या मानवाधिकार संस्थेत उत्तरा साक्षींच्या नोंदी सांभाळायची. या साक्षी ज्या देशातल्या, त्याचं नाव ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं, पण अनुदान देणाऱ्यांच्या पत्रांत तो नेहमी 'संबंधित देश' असायचा. तिथल्या जनरलसाहेबांचं मन दुखावू नये याची काळजी इतक्या लांबून घेतली जायची. त्या देशातल्या एका डोंगरी जमातीचं अख्खं गाव सैनिकांनी ऐन भातकापणीत जाळलं. एकोणीस घरं, सत्त्याऐंशी माणसं. सरकारचं म्हणणं, तिथे गाव कधी नव्हतंच.

संस्थेचा नियम सोपा होता. घरटी एक साक्ष. ज्या घरातलं कुणी बोललं नाही, ते घर मोजायचं नाही. नियम कालव्याकाठच्या खोलीत कॉफी पीत केलेला, त्यामुळे फारच स्वच्छ होता.

तो नियम सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोहोचवला उत्तराने. गावातली थांगी नावाची बाई तरुणपणी बाजारात भाजी विकताना मोडकंतोडकं हिंदी शिकली होती, आणि संस्थेत हिंदी येणारी उत्तरा एकटीच. नियम थांगीने फोनवर दोनदा पुन्हा सांगायला लावला होता. मग म्हणाली, "तीन आठवडे द्या, दीदी."

तीन आठवड्यांत एकोणीस साक्षी आल्या. सगळ्या थांगीच्याच फोनवरून, कारण छावणीत दुसऱ्या कुणाकडे फोन नव्हता. चेहरे दिसू नयेत म्हणून नुसता आवाज. प्रत्येक साक्ष वेगळ्या भाषांतरकाराकडे जायची, तीही सुरक्षेसाठीच. एका बाईने मेलेली डुकरं नावानिशी सांगितली. हमिंगी नावाच्या दुसरीने, घर कसं पेटलं ते सांगता सांगता, त्याच घरात जळालेल्या सासूच्या चार कागाळ्या सांगून घेतल्या. ते वाचताना उत्तराला हसू आलं, आणि मग हसू आल्याचाच राग आला.

आणि आता कुणालचं आवाज ओळखणारं मशीन म्हणत होतं, एकच बाई.

"कुणाल, या मशीनला बोलायला कुणी शिकवलं?"

"ऐकायला, ताई. हजारो तासांची रेकॉर्डिंग्ज दिलीत त्याला."

"कुणाची? त्यात डोंगरातल्या किती बायका होत्या?"

नीउ-व्हेनेप गावात घर घेतल्यापासून कुणाल वाद टाळायला शिकला होता.

"मशीनला जातपात कळत नाही हो ताई."

"त्याला नाही, त्याच्या मास्तरांना कळते. सैनिकांनाही त्या सगळ्या सारख्याच दिसल्या असणार."

त्या संध्याकाळी उत्तराने हूफडॉर्पच्या मराठी मंडळातल्या पाच बायकांच्या व्हॉइस नोट्स, रीतसर परवानगी घेऊन, मशीनला ऐकवल्या. मशीनने विचार करून सांगितलं : बायका तीन. वृंदा, श्रुती आणि खुद्द उत्तरा या तिघी एकच. हा निकाल वृंदाला कळवण्याची उत्तराची हिंमत झाली नाही. ती बाई हळदीकुंकवालाही उत्तराशेजारी बसत नसे.

गुरुवारच्या बैठकीत तिने त्या निकालाचा कागद संचालिका हेस्टरपुढे टाकला. शुक्रवारी अहवाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचा होता. मशीनचं ऐकलं तर त्यात येणार होतं : एक घर, पाच माणसं, माहिती अपुरी.

"आधी घरं जाळली," उत्तरा म्हणाली. आवाज चढतोय हे तिला कळत होतं, पण तिने तो चढू दिला. "मग म्हणाले, गावच नव्हतं. आता आपण म्हणायचं, बायकाही नव्हत्या? जनरलना आपली गरजच काय? त्यांनी एवढं पेट्रोल उगाच खर्च केलं. आपण फुकटात पुसून दिलं असतं."

हेस्टरने चीजचा ब्रेड खाली ठेवला. डच माणूस जेवण खाली ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"तुमचं म्हणणं मला पटतं," ती म्हणाली. "मशीनचा निकाल बाजूला ठेवू. पण हेगमध्ये त्यांचा वकील हाच प्रश्न विचारेल. मला फक्त एक पुरावा द्या. उद्या सकाळी व्हिडिओवर कुणीही दोघी एकत्र. चेहरे झाकून चालतील. दोन मिनिटं पुरे."

"दोघी काय, दहा बसवते," उत्तरा म्हणाली. बाहेर पडताना तिने कुणालकडे असं पाहिलं की त्याने लॅपटॉप मिटला.

तिने लगेच छावणीत फोन लावला. निळ्या ताडपत्रीपुढे थांगीचा थकलेला चेहरा उमटला.

"काम झालं थांगी!"

"सगळी घरं आली, दीदी? एकही राहिलं नाही?"

"एकोणीसच्या एकोणीस."

थांगीने डोळे मिटले. ओठ हलत होते, जणू ती एकेक घर मोजून घेत होती.

"आता एकच बारीकसं काम," उत्तरा म्हणाली. "उद्या सकाळी तुमच्या शेजारी आणखी एकीला बसवा. हमिंगीला बोलवा ना. मला तिला बघायचंच आहे."

थांगीने डोळे उघडले.

"हमिंगी नसेल तर दुसरी कुणी. कुणीही चालेल."

"दीदी, ज्या घरातलं कुणी बोललं नाही ते घर मोजायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?" थांगीने विचारलं. तिला इतकं चिडलेलं उत्तराने कधी पाहिलं नव्हतं.

"हो, पण आता तो प्रश्नच..."

"मग माझं सोडून बाकीच्या अठरा घरांत बोलायला शिल्लक कोण होतं?"