कुणाला न खटकणारा वास

“सात वर्षं साबणावर भागलं. मग आताच सेंट कशाला लागतोय तुला?” शाल्मलीने रिक्षात विचारलेला प्रश्न दुकानात पुन्हा विचारला.

“नव्या ऑफिसात एसी आहे, खिडक्या उघडत नाहीत,” मी म्हणालो. हे खरं होतं, आणि नेमकं म्हणूनच तिला पटलं नाही. ती सोबत आली होती ती बाटली निवडायला नाही, माझ्यावर नजर ठेवायला.

“जुना, साधा, कुणाच्या नाकाला खटकणार नाही असा दाखवा,” मी दुकानदाराला सांगितलं.

“कुणाच्या म्हणजे कुणाच्या?” शाल्मलीने विचारलं.

दुकानदाराने या चौकशीत न पडता कागदाच्या पट्टीवर फवारा मारला आणि पट्टी तिच्याच हातात दिली. “हा घ्या वहिनी. आमच्या वडिलांच्या काळापासून खपतोय.”

तिने पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले. चेहऱ्यावरचा संशय मावळला. माझ्या बाबतीत तिने इतका खोल श्वास कधी घेतला नव्हता.

“अगदी सभ्य वास आहे,” ती म्हणाली. “आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी लावतात ना, तोच.”

“तुला कसं माहीत?”

“लिफ्टमध्ये येतो की.”

मी पट्टी घेऊन हुंगली. वास खरंच सभ्य होता.

“शाल्मली, आपण तळमजल्यावर राहतो.”

दुकानदाराने आधीच स्वच्छ असलेला काउंटर पुसायला घेतला. शाल्मली बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होती. तिचा चष्मा पर्समध्येच होता.