उसन्या टाळ्या

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तो दर शनिवारी स्वतःची गाणी गायचा. ऐकायला एकच बाई यायच्या. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या या ताईंना त्याचं एक गाणं इंटरनेटवर असंच सापडलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी एकही शनिवार चुकवला नव्हता. नेमकी रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांना ड्यूटी लागली आणि तो रिकाम्या खुर्च्यांपुढे गायला.

"गाणं संपलं की नुसता पंखा ऐकू येतोय," साउंडवाला मित्र म्हणाला. "टाळ्या टाकू का? माझ्याकडे तयार असतात."

"टाक. पण बेताने."

"बेताने टाकल्या तर खोट्या वाटतात, राजा. टाळ्या कशा सढळ हाताने द्याव्यात!"

रेकॉर्डिंग इंटरनेटवर गेलं. पुढच्या शनिवारी ताई आल्याच नाहीत. बराच वेळ वाट पाहून त्याने फोन लावला.

"अरे, ऐकलं मी! केवढ्या टाळ्या पडल्या तुला! घरात एकटीच नाचले."

"मग आज आला नाहीत?"

"गर्दीत माझा जीव गुदमरतो रे. तुझ्याकडे कसं, निवांत असायचं. आता मी आपली घरूनच ऐकेन. आणि काय रे, आजही आलेत ना लोक?"

त्याने वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"हो ताई," तो म्हणाला, "बसायला जागा नाही."