अडवू नये असं काही

“मास्तर, नवीन काम मिळालंय, तुमच्या शेजारचंच. बोला, तुमचं काय काय अडवू नको?” आर्किटेक्ट बाईनं दुकानाच्या दारातूनच विचारलं.

तिच्या ऑफिसची ही रीतच होती. कागदावर रेघ ओढायच्या आधी शेजारपाजारच्या दारात जायचं आणि हा प्रश्न विचारायचा. कुणी वारा म्हणे, कुणी समोरचं झाड. एकीनं तर ‘जाऊबाईंचं घर तेवढं खुशाल अडवा’ असं बजावलं होतं. शेजारचं वाचनालय बांधताना या टेलरमास्तरांनी शिलाई मशीनवरचा सकाळचा उजेड मागितला होता. त्यापायी ती पैसे देणाऱ्यांशी हमरीतुमरीवर आली, अख्खा मजला कमी केला, पण मास्तरांचा उजेड राखला.

मास्तर खाली बसून मशीनचं चाक सुतळीनं बांधत होते. त्यांनी मान वर केली आणि चक्क हसले.

“मी शेजारी कुठला आता, ताई? मी प्लॉटात आलो.”

तिला आधी कळेचना. नवऱ्यानं ‘वाचनालयाला लागून’ एवढंच सांगितलं होतं. पलीकडची मोकळी जागा असणार, असं ती धरून चालली होती. मग तिचं खोलीकडे लक्ष गेलं. कपाट रिकामं, आरसा काढलेला, कपड्यांची गाठोडी दाराशी.

“दुकानांची सगळी ओळ?”

“सगळी. मालकांनी विकली. वाचनालय झालं नि गल्लीला काय रूप आलं हो! लोक फोटो काढायला यायला लागले, तसे मालकांचे डोळे उघडले.” बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. “नव्या जागेत भरदुपारी दिवा लावावा लागतो. पण त्यात तुमचा काय दोष? तुम्ही चांगलंच केलंत.”

ती तरातरा बाहेर आली. नवरा गल्लीत टेप घेऊन उभा होता. फर्म दोघांची, पण कामं आणायचं खातं त्याचं.

“तुला माहीत होतं?”

“होतं. सांगितलं असतं तर आली असतीस?” तो हळूच म्हणाला. “हे बघ, आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी घेईल. तो वाचनालयाचाही उजेड खाईल. आपण निदान तेवढा तरी वाचवू.”

त्याचं खरं होतं, हेच वाईट होतं. विचारायला जावं असं या गल्लीत आता कुणी उरलंच नव्हतं, त्यांनीच बांधलेलं वाचनालय सोडून. आपणच गल्ली सजवली आणि आपणच ती विकायला काढली, असं तिला वाटलं, आणि रडूही येईना.

“चल, माप घेऊन टाकू,” म्हणत त्यानं टेपचं टोक तिच्या हातात दिलं.

ती पुन्हा आत गेली. खिडकीखालच्या भिंतीला टोक लावलं. ते निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं.

“द्या इकडे,” मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. “तुमचा हात हलतोय, ताई. माप चुकेल.”

त्यांनी टेपचं टोक आपल्या भिंतीवर अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि बाहेर हाक दिली,

“हं, ओढा साहेब!”