ऐंशीच्या वेगाला

शरयूच्या मेंदूत गाठ आहे, हे कळवणारा डॉक्टरांचा फोन आला, तेव्हाही तिचा नवरा गाडीखालीच होता. हौसेने त्याने कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा, दणदणीत आवाजाचा बसवला होता. पण ऐंशीच्या वेगाला गाडी आतून घुमायची. "डोकं दुखतंय हो," शरयू म्हणायची. या घुमण्यानेच दुखतंय, असं धरून तो सहा महिने पाइप कापत-जोडत राहिला.

ती गेल्यावर वर्षभराने लेक तिच्या जागेवर बसली. महामार्गावर काटा ऐंशीवर गेला आणि तिने कपाळ दाबलं. "बाबा, डोकं ठणकतंय."

गाडी कडेला घेऊन त्याने इंजिन बंद केलं.

"आता?"

"आता काय?"

"दुखतंय का अजून? नीट सांग!"

तिने डोळे मिटले. तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"कमी झालं की लगेच! बाबा, कंपनीचाच सायलेन्सर बसवा बघू. आई कशी बसायची यात?"

त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. असं इंजिन बंद करून शरयूला त्याने एकदाही विचारलं नव्हतं.