तांबड्याचा बाप

आम्हा केनियातल्या तुर्काना गुराख्यांत पुरुषाला त्याच्या लाडक्या बैलाच्या नावाने हाक मारतात. माझा थोरला भाऊ म्हणजे ‘तांबड्याचा बाप’. पाऊस लागोपाठ हुकला, कुरण करपलं, तांबडा गेला. उरल्यासुरल्या गाई देऊन आमोनीवहिनीने काट्याकुट्यांवर जगणारी एक पांढरी उंटीण आणली, तेव्हा भाऊ खवळला.

“आता लोक मला काय म्हणून हाक मारतील?”

“काहीही म्हणू देत. ओ द्यायला तुम्ही जिवंत तर राहाल!”

यंदाही पाऊस फिरकला नाही. विहिरीवर एका जुन्या ओळखीच्या गुराख्याने हाक मारली, “अरे, तांबड्याच्या बापा!”

भाऊ ढिम्म. गुराखी जवळ आला, तेव्हा भाऊ ठसक्यात म्हणाला, “पांढरीचा बाप म्हण. आणि बस, आधी तिचं दूध पी.”