उद्या बघतो

"नोंदणी बंद आहे. काल सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं आणि सगळं बोंबललं," दवाखान्याच्या खिडकीतला क्लार्क वैतागून म्हणाला.

व्हीलचेअर धरून रांगेत पहिला उभा असलेला माणूस खिडकीकडे वाकला. ते सॉफ्टवेअर गेली नऊ वर्षं सुट्ट्या घालवून, फुकटात, तोच बनवत होता. पण ते सांगायला त्याची जीभ रेटेना.

"टाकण्याआधी महिनाभर ते तपासायला दिलं होतं ना?" एवढंच त्याने विचारलं.

"इथे कुणाला वेळ आहे तपासायला? ते बनवणाऱ्याचं काम." क्लार्कने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "सकाळी तक्रार केली, तर उत्तर बघा. म्हणे, आईची तब्येत बिघडली आहे, उद्या बघतो. यांच्या आया बऱ्या नेमक्या वेळेला आजारी पडतात."

"जुनं व्हर्जन परत टाका. चालू होईल."

पाच मिनिटांत खरंच चालू झालं. क्लार्कचा चेहरा खुलला.

"चला, तुमचा पहिला नंबर. पेशंट कोण?"

त्याने व्हीलचेअर पुढे घेतली.

"आई."